हृदयाचं आवरण काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

"मॅडम, आवरण काढल्यावर हृदय आत डुगडुगणार नाही का?"

हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. बायपास किंवा झडप बदलणं याबद्दल लोक काहीतरी ऐकून आलेले असतात, कारण भावकीत किंवा शेजारीपाजारी कुणाचं तरी झालेलं असतं. पेरिकार्डिएक्टॉमीचं, म्हणजे हृदयाचं आवरण काढण्याच्या ऑपरेशनचं, तसं नाही. कागदावरचा तो शब्द वाचतानाच पेशंट अडखळतो, नातेवाईक मोबाइलवर शोधतात आणि आणखी घाबरतात. त्यांना खाटेपाशी उभं राहून जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आपलं हृदय एका दुपदरी पिशवीत बसलेलं असतं. या पिशवीला पेरिकार्डियम किंवा हृदयावरण म्हणतात. बाहेरचा पदर चिवट असतो. आतला पापुद्र्याइतका पातळ असून हृदयाच्या स्नायूलाच चिकटलेला असतो. दोन्हींच्या मध्ये १५ ते ५० मिलिलिटर पाणी असतं, वंगणासारखं. दिवसाला लाखभर वेळा हलणाऱ्या अवयवाला घासू न देणं, जागेवर धरून ठेवणं आणि एकाएकी फार फुगू न देणं ही या पिशवीची कामं. निरोगी माणसात बाहेरचा पदर १ ते २ मिलिमीटर जाडीचा असतो.

या पिशवीला सूज आली की आत पाणी वाढतं. बऱ्याच जणांत ते औषधांनी ओसरतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. काहींमध्ये मात्र पाणी ओसरताना दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, जाड होतात, आक्रसतात. वर्षं गेली तर त्यात कॅल्शियम साठून मऊ पिशवीची करवंटी होते. जुने जर्मन डॉक्टर याला 'पान्झरहर्ट्झ' म्हणत, म्हणजे चिलखत घातलेलं हृदय. आजचं नाव कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण टीबी. युरोप-अमेरिकेत टीबी कमी, त्यामुळे तिथे कारण न सापडणारी किंवा विषाणूंमुळे येणारी सूज, आधी झालेलं हृदयाचं ऑपरेशन आणि कॅन्सरसाठी छातीवर दिलेलं रेडिएशन ही कारणं पुढे असतात. आपल्या वॉर्डात येणारा पेशंट बऱ्याचदा तिशी-चाळिशीतला असतो. कधीतरी टीबीच्या गोळ्या घेतलेल्या असतात, किंवा टीबी होता हे कधी कळलेलंच नसतं.

यातली खरी गोम अशी की हृदयाचा स्नायू सुरुवातीला ठीक असतो. आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलण्याचं काम तो नीट करतो. अडचण भरण्यात असते. हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर सैल होऊन रक्त आत घ्यावं लागतं, आणि करवंटीत बसलेल्या हृदयाला सैल व्हायला जागाच नसते. विहिरीत सोडलेला पोहरा चेपलेला असेल तर रहाट कितीही जोरात ओढा, वर येणारं पाणी कमीच. म्हणून टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'ईएफ ६० टक्के' असा उत्तम आकडा असतो; ईएफ म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. तो बघून एखादा डॉक्टर "हार्ट चांगलं आहे" असं सांगूनही टाकतो, आणि पेशंटला मात्र जिन्याच्या आठ पायऱ्या चढवत नाहीत.

हृदयात शिरायला जागा न मिळालेलं रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात. यकृत रक्तानं गच्च होतं. पोटात पाणी होतं, पायावर सूज येते. या आजारात पायांच्या मानानं पोट फारच मोठं दिसतं. हातपाय काड्या आणि पोट नगारा, असा पेशंट दारातून आत आला की अनुभवी सिस्टरलाही अंदाज येतो. आतड्याच्या शिरांतही दाब वाढलेला असल्यामुळे काहींची प्रथिनं शौचावाटे निघून जातात, म्हणून अंगावरचं मांस झडतं.

पोटात पाणी म्हटलं की सगळ्यांच्या नजरा लिव्हरकडे वळतात. मग "दारू पिता का?" हा प्रश्न. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाला तो चार वेगवेगळ्या ठिकाणी विचारला जातो आणि पाचव्या ठिकाणी त्याच्या बायकोलाही शंका यायला लागते! हा घोळ नवा नाही. प्रागमधले डॉक्टर फ्रिडेल पिक यांनी १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की हृदयाच्या आवरणाच्या आजारात यकृताचा सिरोसिस झाल्यासारखं चित्र दिसतं. फरक ओळखायची एक साधी खूण मानेत आहे. सिरोसिसच्या पेशंटच्या मानेतल्या शिरा सहसा अशा फुगत नाहीत. इथे त्या टम्म असतात, आणि श्वास आत घेतल्यावर खाली बसण्याऐवजी उलट जास्त भरतात. जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७३ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही बिनखर्चाची तपासणी आहे. फक्त मान उघडी करून, नीट उजेडात बघावं लागतं.

निदान पक्कं करायला एको पुन्हा, पण 'आवरण आवळलंय का' हा प्रश्न मनात ठेवून करतात. श्वासागणिक रक्ताचा प्रवाह किती बदलतो, हृदयाचा मधला पडदा विचित्र उसळी मारतो का, हे त्यात पाहतात. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम पांढऱ्या कड्यासारखं दिसतं आणि सर्जनला नकाशा मिळतो. सूज अजून ताजी आहे का, हे एमआरआयमधून कळतं. शंका उरलीच तर कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून हृदयाच्या कप्प्यांतले दाब मोजतात. आवळलेल्या हृदयात सगळ्या कप्प्यांचे भरतानाचे दाब जवळजवळ सारखे येतात. एवढा खटाटोप अशासाठी की हृदयाचा स्नायूच कडक होण्याचा एक वेगळा आजार हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यात आवरण काढून काहीही साधत नाही. उलट, आवरणाची जाडी नेहमीसारखी दिसत असूनही ते आवळलेलं असू शकतं. 'सीटीत जाडी नाही' एवढ्यावर विषय संपत नाही.

ऑपरेशन कधी करायचं, यावर डॉक्टर जास्त वेळ का घेतात असं घरच्यांना वाटतं. घाई करून चालत नाही आणि रेंगाळूनही. सूज ताजी असेल तर दोन-तीन महिने सूज उतरवणारी औषधं देऊन बघतात. काहींचं आवरण सैल होतं आणि ऑपरेशनची वेळच येत नाही. टीबी असेल तर टीबीची औषधं आधी सुरू होतात. सोबत स्टेरॉइड द्यावं का, यावर आफ्रिकेत बोंगानी मायोसी या हृदयरोगतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली १,४०० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, हृदयावर पाण्याचा दाब येणं आणि आवरण आवळणं यांचा एकत्र हिशेब केला तर स्टेरॉइडनं फरक पडला नाही, पण नुसतं आवळण्याचं प्रमाण कमी झालं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये मात्र कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून हा निर्णय पेशंट बघून घेतात. युरोपच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीबीच्या औषधांनी ४ ते ८ आठवड्यांत सुधारणा नसेल किंवा प्रकृती ढासळत असेल तर ऑपरेशनचा विचार करावा.

आणि रेंगाळलं तर? हे समजवायला मला प्लास्टरचं उदाहरण सोपं पडतं. हात मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर कापलं की आतून काय निघतं? बारीक झालेला, ताकद गेलेला हात. हृदयाचंही तसंच. वर्षानुवर्षं आवळलेल्या अवस्थेत राहिलेला स्नायू सुकतो. कधीकधी कॅल्शियमची मुळं स्नायूतही उतरतात. शेवटच्या टप्प्यात, माणूस नुसता हाडांचा सापळा राहिल्यावर आणि यकृत-किडनी दोन्ही कुरकुरू लागल्यावर ऑपरेशनचा धोका इतका वाढतो की काही वेळा सर्जन नकार देतात. तो नकार टाळाटाळ नसतो.

आता ऑपरेशनकडे येऊ.

बहुतेकांना काही दिवस आधी दाखल करून घेतात. लघवीच्या औषधांनी अंगातलं पाणी उतरवतात, फार असेल तर पोटातलं पाणी सुईनं काढतात. मीठ कमी: लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. प्रथिनं वाढवायला अंडी, डाळ, पनीर. यकृतात रक्त तुंबलेलं असल्यानं रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून त्याच्या तपासण्या होतात आणि रक्ताची सोय आधीच करून ठेवायला सांगतात. आमचं काम इथेच सुरू होतं: स्पायरोमीटर (श्वास ओढून आतले तीन छोटे चेंडू वर उचलायचं खेळण्यासारखं यंत्र) हातात देऊन दीर्घ श्वासाचा सराव करून घेणं. मिश्री, तंबाखू, विडी त्या दिवसापासून बंद. "फक्त मिश्रीच लावते हो" असं म्हणणाऱ्या मावशींनाही.

छातीच्या मधल्या हाडावर उभा छेद घेऊन ते उघडतात. काही सर्जन डाव्या बाजूनं बरगड्यांमधून जातात. मग आवरण सोलायला घेतात, आणि इथे सर्जनचं सगळं कसब लागतं. पिकल्या केळ्याची साल सहज निघते; कच्च्या केळ्याची सोलायला गेलं की गर बरोबर येतो. इथे तो गर म्हणजे धडधडणारा स्नायू आणि त्यावरून जाणाऱ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या. म्हणून काम मिलिमीटर-मिलिमीटरनं चालतं. तीन ते पाच तास सहज लागतात, कधी जास्तही. बाहेर बसलेल्यांनी घड्याळाकडे बघून अर्थ काढू नये.

दोन्ही बाजूंना श्वासपटलाकडे (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूकडे) जाणाऱ्या नसा हृदयाच्या कडेनं उतरतात. एका नसेपासून दुसऱ्या नसेपर्यंतचं समोरचं आवरण आणि खालच्या बाजूचं, श्वासपटलावर टेकलेलं आवरण काढतात. बऱ्याच ठिकाणी नसांच्या मागचा भागही शक्य तितका काढतात, कारण अर्धवट उरलेलं आवरण पुढे पुन्हा आवळू शकतं. क्रमही ठरलेला असतो: आधी डावा कप्पा मोकळा करायचा, मग उजवा. उजवा आधी मोकळा केला तर तो जोरात रक्त फुप्फुसांकडे ढकलेल आणि पुढे डावा अजून बांधलेलाच, म्हणजे फुप्फुसांत पाणी. आतला पापुद्राही आवळत असेल तर तो सोलतात, आणि सोलता येत नसेल तर त्यावर जाळीसारखे आडवे-उभे छेद देतात. कॅल्शियम स्नायूत रुतलेलं असेल तिथे त्याची बेटं तशीच सोडतात. "सगळं का नाही काढलं?" असं नंतर वाटू शकतं; तेवढ्यासाठी स्नायू फाडणं शहाणपणाचं नसतं. ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन बहुधा तयार ठेवलेलं असतं, प्रत्येकाला लागतंच असं नाही.

ही शस्त्रक्रिया करता येईल अशी कल्पना एडमंड डेलोर्म या फ्रेंच सर्जननी १८९८ मध्ये मांडली. जर्मनीत लुडविग रेन आणि फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी १९१३ च्या सुमारास ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा हार्ट-लंग मशीन नव्हतं आणि पेनिसिलिनही नव्हतं. दोन महायुद्धांच्या आधीच्या त्या ऑपरेशन थिएटरचा विचार केला की मला अजून काटा येतो.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण संमतिपत्रावर सही करताना घरचे नेमकं हेच ऐकत नाहीत. वर सांगितलेल्या युरोपीय सूचनांमध्ये ऑपरेशनच्या वेळचा मृत्यूचा धोका ६ ते १२ टक्के दिला आहे. नेहमीच्या बायपासपेक्षा हा बराच जास्त आहे. पण हा सरसकट आकडा झाला. आजाराचं कारण, उशीर, किडनी, यकृत, वय यांवर प्रत्येकाचा वेगळा असतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं २००४ मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला: कारण न सापडलेल्या गटात ७ वर्षांनी ८८ टक्के लोक हयात होते, आधी हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांत ६६ टक्के आणि रेडिएशन झालेल्यांत फक्त २७ टक्के. रेडिएशन आवरणाबरोबर स्नायू, झडपा आणि फुप्फुसांनाही भाजून काढतं, म्हणून हा फरक. टीबीच्या तरुण पेशंटनं हे २७ वाचून झोप उडवून घेऊ नये. "माझ्या बाबतीत धोका किती?" हा प्रश्न सर्जनला थेट विचारावा.

ऑपरेशननंतर पेशंट आयसीयूत येतो तेव्हा घशात श्वासाची नळी असते. शुद्ध आली तरी बोलता येत नाही. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात हलकेच बांधलेले असू शकतात. नातेवाइकांना हे बघून धक्का बसतो, म्हणून आधीच सांगते. नळी काही तासांत, कुणाची एक-दोन दिवसांनी निघते. छातीतून दोन-तीन ड्रेन, म्हणजे आतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या, बाहेर आलेले असतात, ते स्राव कमी झाला की काढतात. काढताना क्षणभर जोराची कळ येते, पण क्षणभरच.

पहिल्या काही दिवसांतली खरी काळजी प्लास्टरमधून निघालेल्या त्या हातासारखीच असते. इतकी वर्षं थोडंच रक्त घ्यायची सवय लागलेल्या, सुकलेल्या स्नायूवर अचानक पुराचं पाणी येतं. तो थकतो, ब्लडप्रेशर पडतं. मग पंपातून ताकदीची औषधं थेंबाथेंबानं चालू ठेवावी लागतात, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. बायपासचा शेजारचा पेशंट तिसऱ्या दिवशी वॉर्डात जातो आणि आपला मात्र आयसीयूतच, यावरून "काहीतरी बिघडलंय" असा निष्कर्ष काढू नका. ऑपरेशन नीट होऊनही असं होतं. ठोके अनियमित होणं, रक्तस्राव, किडनीवर ताण, श्वासपटलाची नस दुखावणं या इतर अडचणी. त्यावर नजर ठेवलेली असते.

काहींच्या बाबतीत लघवीचा बांध फुटतो. तुंबलेलं पाणी बाहेर पडायला लागतं आणि वजन काही दिवसांत कित्येक किलो उतरतं. दुसऱ्या कुणाचं पोट डिस्चार्जच्या दिवशीही होतं तेवढंच असतं. दोन्ही घडतं. स्नायू सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. "ऑपरेशन झालं, मग सूज का आहे?" हा प्रश्न पंधराव्या दिवशी विचारू नये असं नाही, पण उत्तरासाठी थोडी कळ सोसावी लागते.

आम्ही पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पेशंटला बसवतो. रागावतात, काही रडतातही. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल छातीशी घट्ट धरून खोकायचं. खोकल्यानं टाके सुटत नाहीत. न खोकल्यानं कफ साचून न्यूमोनिया होतो. मग खाटेशेजारी उभं राहणं, दारापर्यंत चालणं, व्हरांड्यातली फेरी. अडचण आली नाही तर आठ-दहा दिवसांत घरी.

घरी गेल्यावर छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, नातवंडं, काहीही उचलायचं नाही. हातांवर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठायचं. स्कूटर, मोटरसायकल चालवायची नाही. एसटीच्या मागच्या सीटवरचे धक्केही टाळलेले बरे. रोज चालायचं, थोडं थोडं वाढवत. बैठं काम असेल तर साधारण दोन महिन्यांत जाता येतं. शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्यांना तीन महिने किंवा जास्त लागतात, आणि डॉक्टरांची परवानगी.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी परत साठतंय. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघू नका. लघवीच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करू नका. ताप, जखमेतून पू, हाड 'कटकट' वाजणं, झोपल्यावर धाप लागणं, चक्कर किंवा लघवी कमी होणं ही लगेच दाखवण्याची कारणं.

टीबीच्या गोळ्यांबद्दल जास्त कळकळीनं सांगते. आवरण काढलं म्हणजे टीबी काढला नाही. काढलेला तुकडा तपासायला जातो, पण औषधाचा कोर्स, बहुधा सहा महिन्यांचा, पूर्णच करायचा. यातली रिफाम्पिसिन ही गोळी रक्त पातळ करणाऱ्या औषधासह बऱ्याच औषधांचा असर कमी करते, म्हणून प्रत्येक डॉक्टरला दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. नोंदणी असलेल्या टीबी रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे, ती घ्यायला लाजू नका. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर कागदांची धावपळ फार होते.

आता डुगडुगण्याचं. काही माणसं जन्मतःच या आवरणाशिवाय असतात, आणि त्यातल्या अनेकांना दुसऱ्याच कारणानं छातीची तपासणी होईपर्यंत ते कळतही नाही. हृदय मोठ्या रक्तवाहिन्यांनी वरून टांगलेलं असतं, दोन्ही बाजूंना फुप्फुसं, खाली श्वासपटल, आणि ऑपरेशननंतर आजूबाजूच्या पेशी थोड्या चिकटून त्याला धरतातच. त्यामुळे ते डुगडुगत नाही.

तीन महिन्यांनी एको होतो, तेव्हा रिपोर्टात कधीकधी 'आवळल्याची काही लक्षणं अजून आहेत' अशा अर्थाची ओळ असते. ती वाचून एक मुलगा थेट वॉर्डात आला होता, वडिलांना बाहेर रिक्षात बसवून. काहींमध्ये ही लक्षणं महिन्यांनी मावळतात, काहींमध्ये थोडी राहतात, आणि थोड्यांमध्ये ती आवरण उरल्याची किंवा स्नायू अशक्त असल्याची खूण असते. कुठलं आहे हे सर्जन पेशंटच्या मानेकडे, पोटाकडे आणि वजनाच्या वहीकडे बघून ठरवतात. त्या मुलाला मी वडिलांना आत घेऊन यायला सांगितलं. रिक्षा फाटकाशी होती. ते चालत आले, मध्ये कुठे न थांबता, आणि आल्या आल्या विचारलं की आता मटण खाल्लं तर चालेल का.

चालेल, मीठ कमी घालून.